आइस स्केट : मुलांसाठी मापाची निवड

बर्फावर घसरत जाण्यासाठी तळाला पोलादी पाते बसवलेला बूट म्हणजे आइस स्केट. मुलांसाठी तो घेताना रंग, कंपनी, किंमत हे सगळे नंतरचे, आधी माप. सैल बुटात टाच वर उचलली जाते, घोटा आत कलतो आणि पात्यावर तोल राहत नाही. मूल थोड्याच वेळात कठडा धरून उभे राहते आणि आईवडिलांना वाटते, याला हा खेळ जमणार नाही. पुष्कळदा न जमणारी गोष्ट बूट असते, मूल नव्हे.

सातारा-सांगलीकडे बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, तेवढेच. त्यामुळे इथल्या मुलांची सुरुवात चाकांवर होते : आधी चार चाकांचे क्वाड, मग एका रांगेत चाके असलेले इनलाइन. बर्फाशी गाठ पडते ती घर सोडून दूर गेल्यावर. शिमल्याला १९२० पासूनची नैसर्गिक बर्फाची रिंक, म्हणजे स्केटिंगचे मैदान, आहे, तर डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली बंदिस्त रिंक. गुडघे वाकवून बसण्याची ढब आणि बाजूला रेटा देण्याची सवय इनलाइनवरून बर्फावर बऱ्यापैकी कामी येते. मापाचे नियमही दोन्हीकडे जवळजवळ तेच आहेत, म्हणून बर्फ कधी न पाहिलेल्या घरालाही ते उपयोगी पडतात.

मोठी अडचण आपल्या खरेदीच्या सवयीची आहे. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना आपण ‘वाढत्या अंगाचे’ घेतो, पुढे कापूस कोंबतो, दोन मोजे चढवतो आणि वर्ष काढतो. चालण्याच्या बुटाला हे खपते. स्केटला अजिबात खपत नाही. पात्याची धार पावलाच्या बरोबर खाली राहायला हवी आणि पाऊल आत सरकले की ती राहत नाही. मुलांच्या स्केटमध्ये वाढीसाठी फार तर अर्धा नंबर सोडावा. दोन नंबर मोठा जोड घेऊन वाचवलेले पैसे घोट्याच्या दुखण्यात जातात.

माप घरीच घेता येते. मुलाला अनवाणी, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे करावे. वजन दोन्ही पायांवर हवे, कारण बसलेल्या मुलाचे पाऊल आखूड भरते. पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी, भिंतीपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. मग दुसरे पाऊल. दोन्ही पावले सहसा तंतोतंत सारखी नसतात, मोठे धरावे. संध्याकाळी पाय किंचित फुगलेले असतात, तेव्हा मोजलेले बरे. नंबर सांगून मागवण्यापेक्षा हा मिलिमीटरचा आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. आपल्याकडचे शाळेच्या बुटांचे नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर आणि मुलांचा तेरा नंबर संपला की पुन्हा एकपासून मोजणी. युरोपीय पद्धतीत एक नंबर सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. त्यातून बर्फावरच्या हॉकीचे स्केट रोजच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात, हे सांगणारा दुकानदार जवळपास भेटेलच असे नाही.

घालून पाहताना मोजा एकच, पातळ. नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवावीत; टाचेमागे मोठ्या माणसाचे एक बोट जेमतेम जावे. दोन बोटे गेली तर बूट मोठा. मग टाच मागे ठोकून नाडी बांधावी. ताठ उभे राहिल्यावर बोटे टोकाला हलकी लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरली पाहिजेत. वाकूनही ती दुमडलेली राहत असतील तर बूट लहान. टाच मात्र कुठल्याही स्थितीत उचलली जाता कामा नये. चपलांच्या दुकानात वरून अंगठा दाबून बोट कुठे आहे ते पाहतात, तसे इथे करता येत नाही. पुढचा भाग टणक असतो. आतली गादी निघत असेल तर ती बाहेर काढून मुलाला तिच्यावर उभे करावे. पावलाची लांबी-रुंदी लगेच दिसते. नाडी आवळल्यावर दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या, तर बूट रुंदीला जास्त आहे.

नाडी बोटांकडे सैल, पावलाच्या वाकणापाशी आणि घोट्याला घट्ट, सर्वांत वर पुन्हा थोडी मोकळी, म्हणजे गुडघा पुढे झुकतो. लहान मुलाला एवढा ताण देता येत नाही; हे काम मोठ्यांनीच करावे.

बर्फावर गिरक्या-उड्या घेण्यासाठीच्या फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात, हॉकीच्या पात्याला नसतात. शिकाऊ मुलाला दोन्ही चालतात.

थोरल्या भावंडाचा जोड धाकट्याला देण्याआधी घोट्याजवळचा भाग दोन्ही हातांनी दाबून पाहावा. सहज दुमडला तर बूट मोडला आहे; नंबर जुळला तरी तो घोटा सावरणार नाही. नवे पाते बऱ्याचदा धार न लावता येते, ती आधी लावून घ्यावी लागते. वापरानंतर पाते कोरडे पुसून कव्हर काढूनच ठेवावे, विशेषतः साताऱ्याच्या पावसाळी हवेत, नाहीतर ते गंजते. वाढत्या वयात पाऊल दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. वर्षातून एकदाच बर्फावर जाणाऱ्या मुलासाठी विकत घेण्यापेक्षा रिंकवरचा भाड्याचा जोड परवडतो. मात्र हातात पडेल तो न घालता, टाच हलणार नाही असा मिळेपर्यंत बदलून मागावा.