सॅलॅमँडर म्हणजे सरडा नव्हे

१७२६ साली शॉइख्झर या स्विस अभ्यासकाने एका जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध केले. बायबलमधल्या महाप्रलयात बुडालेल्या माणसाचा हा सांगाडा, असे त्याचे ठाम मत होते. पुढे कांपर या डच शरीरशास्त्रज्ञाने तो सरडा ठरवला. अखेर १८११ मध्ये क्युव्हिए या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात त्या दगडाचा आणखी थोडा भाग कोरला, आत दडलेले पुढचे पाय उघडे केले आणि तो महाकाय सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी, असल्याचे दाखवून दिले.

कांपरची गल्लत समजण्याजोगी आहे. लांबट अंग, चार आखूड पाय, शेपूट आणि चालताना डावी-उजवीकडे वळणारे शरीर पाहिले की दोघे एकाच घराण्यातले वाटतात. प्राण्यांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तर १७५८ मध्ये सॅलॅमँडरला सरड्यांबरोबर ‘लॅसर्टा’ या एकाच वंशात घातले होते. प्रत्यक्षात सॅलॅमँडर उभयचर आहे आणि सरडा सरीसृप. दोघांच्या वाटा ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

पाहून ओळखायचे तर आधी पाय बघावेत. सॅलॅमँडरच्या पुढच्या पायाला सहसा चार बोटे असतात आणि त्यांना खऱ्या नख्या नसतात. सरड्याला बहुधा पाच बोटे आणि टोकदार नख्या असतात. बऱ्याच सरड्यांच्या डोक्याच्या बाजूला कानाचे छिद्र दिसते, सॅलॅमँडरला ते नसते.

पण खरा फरक कातडीत आहे. सरड्याची कातडी केराटिनच्या (आपली नखे ज्याची बनतात त्या प्रथिनाच्या) खवल्यांनी झाकलेली आणि कोरडी असते, त्यामुळे अंगातले पाणी सहज उडून जात नाही. सॅलॅमँडरची कातडी उघडी, पातळ, बुळबुळीत स्राव सोडणाऱ्या श्लेष्मल ग्रंथींमुळे ओलसर असते आणि तिच्यातून ऑक्सिजन थेट रक्तात जातो. सॅलॅमँडरच्या प्लेथोडोंटिडी कुलातल्या ४०० हून अधिक जातींना फुप्फुसेच नाहीत. कातडी आणि तोंडाचे अस्तर यांवर त्यांचे सगळे श्वसन चालते. अशी कातडी वाळली तर प्राणी गुदमरतो. ज्यांना फुप्फुसे आहेत ते उभयचर घशाचा तळ खालीवर करून हवा आत ढकलतात, तर सरडा बरगड्या फाकवून ती आत ओढतो.

दुसरा मोठा फरक अंड्याचा. उभयचरांच्या अंड्याभोवती कवच नसते, फक्त जेलीसारखे आवरण असते. ते पाण्यात किंवा निदान ओलाव्यात घालावे लागते. बहुतेक जातींत त्यातून कल्ले असलेला डिंभ, म्हणजे बेडूकमाशासारखे पिल्लू, बाहेर पडतो आणि रूपांतरण होऊन प्रौढ बनतो. ॲक्झोलॉटल नावाचा सॅलॅमँडर तर सहसा आयुष्यभर डिंभाच्याच रूपात, कल्ले घेऊन राहतो आणि तसाच प्रजननही करतो. सरीसृपाच्या अंड्यात गर्भाभोवती उल्ब नावाचे पटल असते. त्यातल्या द्रवात गर्भ वाढतो, म्हणजे तळे अंड्याच्या आतच असते. काही सॅलॅमँडर जमिनीवर अंडी घालतात, त्यांतून थेट छोटी पिल्ले निघतात. तरीही त्या अंड्यांत उल्ब नसते. म्हणून अंडे कुठे सापडले यापेक्षा त्याच्या आत काय आहे, ते महत्त्वाचे.

इथे एक गैरसमज मनापासून खोडून काढावासा वाटतो. मासा, मग बेडूक, मग सरडा अशी शिडी अनेकांच्या डोक्यात असते आणि उभयचर म्हणजे जमिनीवर अर्धवट पोहोचलेले प्राणी, असे त्यातून ठसते. ते बरोबर नाही. कॅनडात सापडलेला सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक, ग्रीनलंडमधले ॲकँथोस्टेगा आणि इक्थिओस्टेगा हे पाण्यातून जमिनीकडे वळण्याच्या काळातले जीव आजच्या अर्थाने बेडूकही नव्हते आणि सॅलॅमँडरही नव्हते. ॲकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटे होती! आरंभीच्या चतुष्पादांच्या (चार पायांच्या कणाधारी प्राण्यांच्या) अंगावर खवलेही होते. म्हणजे आजच्या उभयचरांची उघडी कातडी हा मागे राहून गेलेला जुना अवशेष नसून, श्वसनासाठी त्यांनी नंतर कमावलेली गोष्ट आहे. सरडा सॅलॅमँडरपासून आलेला नाही; दोघे लांबचे चुलतभाऊ.

आजचे उभयचर तीन गणांत बसतात. ८,००० हून अधिक जातींपैकी बहुतांश अपुच्छ, म्हणजे बेडूक आणि भेक. सपुच्छ गणात सॅलॅमँडर आणि न्यूट येतात. तिसरा अपाद गण देवगांडुळांचा, आणि त्यांच्या बाबतीत गल्लत सरड्याशी होत नाही, सापाशी होते. पाय नाहीत, अंग लांबलचक, त्यामुळे साप समजून त्यांना मारलेही जाते. ओळखायचे तर अंग पाहावे: त्यावर गांडुळासारखी वलये असतात, सापासारखे खवले बाहेरून दिसत नाहीत, डोळे बारीक आणि बरेचदा कातडीखाली झाकलेले असतात. शिवाय डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक छोटी स्पर्शिका, म्हणजे मिशीसारखा बारीक अवयव, असते. तिच्यामुळे देवगांडुळाला मातीतले वास आणि स्पर्श कळतात. सापाला असा अवयव नसतो. त्याचे ते काम जीभ करते.