चार मीटरच्या आतली इंजिने: जुन्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या भरवशामागची पार्श्वभूमी

वापरलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायला निघालेला माणूस साधारणपणे कंपनीचे नाव, किलोमीटर आणि रंग-पत्रा एवढे पाहतो आणि इंजिनाचा प्रश्न ‘ह्या कंपनीचे इंजिन चांगले असते का’ इथे येऊन थांबतो. या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. या वर्गातल्या गाड्यांच्या बॉनेटखाली कोणती इंजिने आली, ती का आली आणि त्यांतली कोणती कशामुळे खराब होतात, याचे उत्तर बरेचसे करांच्या आणि प्रदूषण-नियमांच्या इतिहासात आहे. तो ठाऊक असला की दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांमधला फरक कळू लागतो.

सुरुवात २००६च्या अर्थसंकल्पापासून होते. तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि छोटी मोटार कशाला म्हणायचे, हेही ठरवून दिले: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. सवलत देताना डोळ्यांसमोर होत्या हॅचबॅक, म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेल्या छोट्या गाड्या. पण उंच, जड, मोठ्या चाकांची गाडी त्याच चौकटीत बसवता आली तर तिची किंमत बरीच खाली येते, हे कंपन्यांच्या लवकरच लक्षात आले. चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने २००९मध्ये आणलेली रिओ हा या वर्गातला पहिला प्रयत्न. त्यानंतर २०१२मध्ये महिंद्राने आपल्या झायलो या मोठ्या गाडीची लांबी कापून क्वांटो काढली आणि तिला तीन सिलिंडरचे १४९३ सीसीचे डिझेल इंजिन दिले. दोन्ही गाड्या बाजारात फार टिकल्या नाहीत, पण वाट त्यांनी दाखवली.

ही चौकट इंजिनांच्या आकड्यांवर उघड दिसते. टाटा नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९८ सीसीचे आणि डिझेल १४९७ सीसीचे, महिंद्रा एक्सयूव्ही ३००चे ११९७ आणि १४९७ सीसीचे. मर्यादेच्या काठावर येऊन थांबलेले हे आकडे योगायोगाचे नाहीत. बाराशे किलोंच्या आसपासची गाडी १२०० सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनाने घाटात नीट ओढली जात नाही, म्हणून टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, आला. वजन, खर्च आणि घर्षण कमी करण्यासाठी सिलिंडर चारांऐवजी तीन झाले. त्यामुळे इंजिन ऑइलची प्रत आणि ते बदलण्याची वेळ यांना पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आले, कारण टर्बोचा दांडा त्याच ऑइलच्या पातळ थरावर फिरत असतो. जुन्या नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, चार सिलिंडर इंजिनाने दोन हजार किलोमीटर उशिरा झालेली सर्व्हिस निमूट सोसली असती. छोटे टर्बो इंजिन ती सोसेलच, असे नाही.

या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जून २०१३मध्ये भारतात आलेली फोर्ड इकोस्पोर्ट. कर वाचवण्यासाठी तिची लांबी ३९९९ मिलिमीटरवर आणली होती. तिच्यातले ९९९ सीसीचे इकोबूस्ट इंजिन जगभर नावाजले गेले, २०१२पासून सलग तीन वर्षे त्याला आंतरराष्ट्रीय सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार मिळाला आणि १२५ पीएस ही त्याची ताकद त्या काळात थक्क करणारी होती. पण त्याच्या टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल एका तालात ठेवणारा, रबरी पट्टा इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. ऑइल चुकीच्या प्रतीचे असले किंवा फार दिवस तसेच राहिले, तर पट्ट्याचे कण सुटतात, ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब घसरतो. मग टर्बो आणि बेअरिंगे कोरडी पडतात. ब्रिटनमध्ये या इंजिनाच्या अनेक मालकांना हा अनुभव आला. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातले मोटार-उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतरही सर्व्हिस आणि सुटे भाग मिळतात, तरी पट्ट्याचे काम करून घेतल्याचे बिल हातात नसेल तर अशी गाडी स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच गाडीचे दीड लिटरचे डिझेल इंजिन ही वेगळी गोष्ट आहे. एकाच नावाखाली दोन वेगळी दैवे असू शकतात ती अशी.

रेनॉ डस्टरची कथा थोडी निराळी. २०१२मध्ये आलेली ही गाडी चार मीटरपेक्षा लांब होती, पण तिचे १४६१ सीसीचे डिझेल इंजिन युरोपात आधीच मुरलेले होते आणि भारतात ते ८५ व ११० पीएस अशा दोन रूपांत मिळाले. त्याचा टायमिंग बेल्ट कोरडा आहे आणि तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मात्र जुन्या बाजारात सर्वांत अधिक विश्वास मिळवला तो फियाटच्या १२४८ सीसी मल्टीजेट डिझेलने. २००३मध्ये युरोपात आलेले हे इंजिन भारतात मारुतीसाठी मानेसरला आणि टाटा-फियाटच्या भागीदारीत पुण्याजवळ रांजणगावला तयार होत असे, आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत ते बसले की गावोगावच्या मेकॅनिकांना ते तोंडपाठ झाले. मार्च २०१६मध्ये आलेल्या विटारा ब्रेझाला सुरुवातीला दुसरे इंजिनच नव्हते. मल्टीजेटमध्ये पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे, म्हणून ‘त्याला बघायला नको’ असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. चेनचा ताण ऑइलच्या दाबावर राखला जातो. ऑइल कमी राहिले किंवा काळे होऊन घट्ट झाले की चेन ताणली जाते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत उजव्या बाजूने, म्हणजे चेन असते त्या टोकाकडून, खुळखुळाट ऐकू येतो. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर तो ऐकू येत नाही, म्हणून गाडी पाहायला सकाळी, न कळवता लवकर जावे आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करून घ्यावी.

याच सुमारास इंधनाच्या भावांनीही आपला वाटा उचलला. जून २०१०मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४मध्ये. मधल्या वर्षांत दोन्ही दरांत इतकी तफावत पडली की महिन्याला पाचशे किलोमीटरही न फिरणाऱ्या कुटुंबांनी डिझेल गाड्या घेतल्या. त्यामुळे त्या काळातली कमी फिरलेली डिझेल गाडी हे जुन्या बाजारात नवल नाही, आणि कमी किलोमीटर म्हणजे चांगले इंजिन असेही नाही. थंड इंजिनावर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेल्या गाडीत काजळी अधिक साचते.

प्रदूषण-नियमांनी या वर्गाचे सरळ दोन भाग केले. बीएस-४, म्हणजे धुराच्या ‘भारत स्टेज’ मर्यादांची चौथी पायरी, ही मानके २०१०मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत आणि एप्रिल २०१७पासून देशभर लागू झाली. त्यानंतर बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२०पासून थेट बीएस-६ आले. या उडीचा खर्च छोट्या डिझेल इंजिनांना परवडेना. मारुतीने डिझेल बंद केले, रेनॉनेही केले आणि ब्रेझा २०२०मध्ये १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन घेऊन, कराची सवलत सोडून, पुन्हा आली. ज्यांनी डिझेल चालू ठेवले, त्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवावा लागला. साचलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान बरेच वाढावे लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. ठाणे-दादर अशा गर्दीत रोज अडकणाऱ्या गाडीत हे जमत नाही. मग इंजिन जास्तीचे डिझेल सोडून फिल्टर तापवू पाहते आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची सळई, ओढल्यावर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले आणि बोटावर घेतलेल्या थेंबाला डिझेलचा वास आला, तर त्या इंजिनाची बेअरिंगे पातळ झालेल्या ऑइलवर चालली आहेत असे समजावे. बीएस-६ डिझेल शहरातल्या मालकाकडून घेण्यापेक्षा नाशिक-मुंबई महामार्गावर नियमित धावलेली, जास्त किलोमीटरची घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दिल्लीचा संबंध इथे येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्ये ती कायम ठेवली. तेव्हापासून तिथल्या जुन्या डिझेल गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात. महाराष्ट्रात अशी गाडी घेणाऱ्याला रस्ता कर आणि नव्या नोंदणीचा खर्च धरावा लागतो, आणि सर्व्हिसचा इतिहास परराज्यात राहिल्यामुळे तो अधिकृत केंद्राकडून मागवून घ्यावा लागतो.

पेट्रोल गाड्यांपुढे आता पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा प्रश्न आहे. एप्रिल २०२३पासून नव्या गाड्यांचे इंधनाच्या संपर्कातले भाग वीस टक्के इथेनॉलला जुळणारे केले गेले. त्याआधीच्या पुष्कळ गाड्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने बनल्या होत्या, आणि पंपावर आज मिळते ते बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांचेच. म्हणून त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या नळ्या, सील आणि पंप तपासून घ्यावेत आणि मालकपुस्तिकेत कोणते मिश्रण चालते म्हटले आहे, ते वाचावे. दरम्यान २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि छोटी गाडी ठरवण्याची मोजपट्टी तीच राहिली: चार मीटर, १२०० आणि १५०० सीसी. नव्या गाड्या त्यामुळे स्वस्त झाल्या आहेत, तेव्हा त्याआधीच्या भावावर अडून बसलेल्या विकणाऱ्याशी घासाघीस करताना आजच्या नव्या गाडीची किंमत आणि टायमिंग, टर्बो किंवा डीपीएफच्या कामाचा अंदाज हे दोन्ही कागदावर मांडून बोलणे योग्य ठरते.