झटपट गोंद आणि ऑपरेशनमधली पट्टी

‘ऑपरेशनमध्ये डॉक्टर आतून जो गोंद लावतात तो दुकानातलाच झटपट गोंद असतो, तेव्हा कापलं की घरीच दोन थेंब टाका, टाके वाचतील.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

समज अगदी निराधार नाही. व्हिएतनाम युद्धात जखमींचा रक्तस्राव थांबवायला सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे झटपट गोंदातल्याच रसायनाचा, फवारा खरोखर वापरला गेला होता. पण दुकानातल्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा इथाइल सायनोॲक्रिलेट असतं. ते ओलाव्यात घट्ट होताना तापतं आणि लवकर विघटित होऊन फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन सोडतं, त्यामुळे उघड्या जखमेतल्या पेशींना इजा होते. शिवाय ते निर्जंतुक नसतं. वैद्यकीय गोंदात ब्यूटाइल किंवा ऑक्टाइल प्रकार असतो. तो सावकाश विघटित होतो आणि जखमेच्या कडा जुळवून त्वचेवर वरूनच लावतात, आत भरत नाहीत.

ऑपरेशनमध्ये यकृताच्या कापलेल्या भागावर दाबतात ती चिकटपट्टी तर वेगळीच. कोलॅजन या प्रथिनाच्या पातळ थरावर फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन, म्हणजे आपलं रक्त गोठवणारीच प्रथिनं, वाळवून बसवलेली असतात. ओल्या गॉझने काही मिनिटं दाबून धरली की ती ऊतीला चिकटते, आणि पुढे शरीर तिला हळूहळू शोषून घेतं.

पडताळणी सोपी आहे. ट्यूबवरचं रसायनाचं नाव आणि ‘त्वचा, डोळे यांपासून दूर ठेवा’ ही सूचना वाचा. ऑपरेशन झालेलं असेल, तर काय वापरलं ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. कापलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा; जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.