पेशीमृत्यू, नियोजित : एचआयव्ही संसर्गातील

एचआयव्ही बाधितांच्या शरीरातील सीडी४ पेशींची (रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) घट बव्हंशी पेशीत अंगभूत असलेल्या मृत्युयंत्रणेमुळे होते. शरीराच्या नित्य जडणघडणीतही पेशी अशाच ठरावीक क्रमाने मरतात. या प्रकाराला केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. आमेसेन व काप्राँ यांनी १९९१ मध्ये त्याचा एड्सशी संबंध जोडला.

नेमक्या कोणत्या पेशी मरतात, यावर मतभेद आहेत. विषाणू ज्या पेशीत वाढतो तीच मरते, हे आरंभीचे मत. परंतु अशा पेशी फार थोड्या असतात. १९९५ च्या सुमारास लसीका ग्रंथींच्या तपासणीत मरणाऱ्या पेशी मुख्यतः शेजारच्या, विषाणूची वाढ न झालेल्या आढळल्या. काहींनी याचे कारण विषाणूचे जीपी१२० व टॅट ही प्रथिने मानले, तर काहींनी फास हा पेशीला मृत्यूचा संदेश देणारा ग्राही. डॉइट्श व ग्रीन यांच्या गटाने टॉन्सिल व प्लीहेच्या ऊतींवर प्रयोग करून (२०१०, २०१४) वेगळी उपपत्ती मांडली. सुप्त पेशीत शिरलेल्या विषाणूची डीएनए प्रत अर्धवट राहते, पेशी ते तुकडे ओळखते, कॅस्पेज-१ हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि पेशी फुगून फुटते. हा पायरोप्टोसिस होय. त्यातून सुटणारी दाहक द्रव्ये नव्या सीडी४ पेशींना तिकडेच खेचतात. या ऊतींत सुमारे ९५ टक्के मृत्यू असे झाले. प्रयोग शरीराबाहेरचे असले, तरी थोड्या विषाणूंनी होणारी मोठी हानी आणि सततचा दाह या दोहोंचा उलगडा यातच होतो. म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. रक्तात एसआयव्ही हा एचआयव्हीच्या जातकुळीतला विषाणू भरपूर असूनही सूटी मँगबी माकडांना सहसा एड्स होत नाही. त्यांच्यात दाह व शेजारपेशींचा मृत्यू दोन्ही कमी असतात.

पेशी घटण्यास बहुधा वर्षे लागतात. तोवर बाधित माणूस धडधाकट असू शकतो. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्याने हे लक्षात घेतले नाही. बाधित आढळलेले रक्तदाते डॉमिनिक डिसोझा यांना १९८९ मध्ये म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबले गेले. हा उघड अन्याय होता. आज बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी (विषाणूची वाढ रोखणाऱ्या औषधांचे) उपचार मिळतात. रुग्णाच्या कागदावर ‘सीडी४’पुढे एक आकडा असतो, एका घन मिलिमीटर रक्तातील पेशींचा : निरोगी माणसात साधारण ५०० ते १,५००, २०० च्या खाली एड्स. २०१७ पासून मात्र भारतात हा आकडा कितीही असला तरी औषधे लगेच सुरू करण्याचे धोरण आहे.

कॅस्पेज-१ रोखणाऱ्या व्हीएक्स-७६५ या रसायनाने वरील ऊतींतील पेशीमृत्यू थांबला; एचआयव्हीच्या रूढ उपचारांत त्याचा समावेश नाही.