कच्च्या रस्त्यांवरील गाळाचे डिजिटल नकाशांकन

खडी-मुरुमाच्या किंवा निव्वळ मातीच्या रस्त्यावरचा गाळ पावसात नेमका कुठे ओढ्यात उतरतो, ते जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीवर नोंदवून दुरुस्तीचा क्रम ठरवण्याची पद्धत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ती चांगली रुजली आहे.

ब्रूक ट्राउट हा त्या राज्याचा अधिकृत मासा. शरद ऋतूत मादी ओढ्याच्या तळाची खडी शेपटीने उकरते आणि त्या खळग्यात अंडी घालते. खडीच्या फटींतून थंड पाणी खेळत राहिले, तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. रस्त्यावरून आलेली बारीक माती त्या फटींत बसली की अंडी जागीच गुदमरतात. कारखान्याचे सांडपाणी निदान रंगाने आणि वासाने ओळखू येते. माती मात्र तळाशी बसते आणि पाणी पुन्हा निवळ दिसते, म्हणून या प्रदूषणाकडे दुर्लक्ष होणे फार सोपे.

ट्राउट अनलिमिटेड या मासेमारांच्या संघटनेने १९९०च्या दशकात हा प्रश्न लावून धरला आणि तिचे स्वयंसेवक रस्ते पाहणीसाठी हिंडले. १९९७ साली राज्याने कायदा करून कच्च्या रस्त्यांसाठी वर्षाला ५० लाख डॉलर राखून ठेवले; २०१३च्या कायद्याने कमी वर्दळीचे डांबरी रस्तेही योजनेत आले आणि तरतूद ३.५ कोटींवर गेली. पैसा काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) जलमृदा संधारण कार्यालयांमार्फत गावांना मिळतो. अनुदान मागणाऱ्या गावाच्या जबाबदार व्यक्तीने मागील ५ वर्षांत ठरावीक प्रशिक्षण घेतलेले असावे लागते, ही अट मोलाची आहे.

नकाशावर रस्ते, ओढे आणि ओढ्यांचा दर्जा यांचे थर एकमेकांवर ठेवले की संशयाच्या जागा दिसतात. पुढचे काम पायी चालून करायचे. रस्त्याचा चढ, पृष्ठभागाची अवस्था, ओढ्यापासूनचे अंतर, चरांची झीज, डोक्यावरची झाडांची सावली आणि ओढ्यात पडलेला गाळ अशा बाबींना गुण देतात. गुणांसह प्रत्येक जागा नकाशावर येते. काम झाल्यावर त्याच जागेशी खर्च आणि केलेले उपायही जोडले जातात. ओरड कोणाची मोठी, यापेक्षा कोणते चांगले पाणी धोक्यात आहे हे आधी समोर येते. या पद्धतीचे खरे बळ मला यातच दिसते.

नमुन्याची जागा अशी असते: रस्ता खरवडून सपाट करणारे ग्रेडर यंत्र वर्षानुवर्षे फिरून रस्ता दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा खोल गेलेला. पावसाचे पाणी बाहेर पडू शकत नाही, चाकोऱ्यांतून धावत उतारावरून खाली येते आणि मोरीपाशी सगळी माती ओढ्यात ओतते. इथे नुसती नवी खडी पसरणे म्हणजे पुढच्या पावसाला खाद्य देणे. भराव घालून रस्ता उचलतात, जागोजागी आडवे पाइप टाकून पाणी थोडे थोडे रानात सोडतात. जमीन सतत ओली राहत असेल तर रस्त्याखाली जिओटेक्स्टाइल या पाणी झिरपू देणाऱ्या कापडात गुंडाळलेल्या मोठ्या दगडांची गादी घालतात. दगडांमधून पाणी झिरपून पलीकडे जाते. पेन स्टेट विद्यापीठातील केंद्र या तंत्रांचे प्रशिक्षण देते.

ओढ्यांपुरताच हा प्रश्न नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराला सर्वाधिक गोडे पाणी देणारी सस्क्वेहॅना नदी याच राज्यातून वाहते, आणि २०१० साली या उपसागरासाठी नत्र व स्फुरदाबरोबर गाळाचीही कमाल मर्यादा ठरवली गेली.

भारतात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची जीआयएस माहिती २०२२ साली सर्वांसाठी खुली झाली. ती प्रणाली सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने उभारली, ज्याचे मुख्यालय पुण्यात आहे. तिचा हेतू रस्त्यांचे नियोजन हा आहे, गाळ नव्हे. तरी त्या रेषा पाणलोटाच्या नकाशावर ठेवल्या तर ओढ्याला खेटून जाणारे तुकडे शोधता येतील. त्यांच्या चरांची आणि मोऱ्यांची नोंद मात्र भर पावसात तिथे उभे राहूनच करावी लागेल.