धुरावरच्या स्वयंपाकाचं लाकूड: पैसे लाकडाचे, हवेचे की पाण्याचे?

अमेरिकेत टेक्ससच्या मध्य भागात, ऑस्टिन-लॉकहार्टच्या पट्ट्यात, बीफच्या छातीचा जाड तुकडा म्हणजे ब्रिस्केट बारा-बारा तास मंद धुरावर शिजवतात. त्यासाठी जळतं ते बहुतेक पोस्ट ओकचं, म्हणजे ओक झाडाच्या एका जातीचं, लाकूड. घरामागे स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, मांडणाऱ्या माणसाला, आणि त्यात आता मराठी घरंही आली, हे लाकूड विकत घ्यावंच लागतं. शेजारी एक भाव सांगतो, रस्त्याकडेचा पिकअपवाला दुसरा, सुपरमार्केटमधल्या मोळीवर तिसराच छापलेला असतो. तुलना करायची तर आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायला हवी: लाकडाच्या राशीत लाकूड असतं, हवा असते आणि पाणी असतं. पैसे तिन्हींचे जातात.

हवेचा हिशेब सोपा आहे. अमेरिकेत सरपण घनफळावर विकतात. माप म्हणजे कॉर्ड: 4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब अशी घट्ट रचलेली रास, एकूण 128 घनफूट. कितीही घट्ट रचलं तरी फटी राहतातच, त्यामुळे त्यात निव्वळ लाकूड 85 घनफुटांच्या आसपास भरतं. एवढी हवा सगळ्यांनी धरलेलीच असते. घोळ होतो तो ‘फेस कॉर्ड’, ‘रिक’, ‘पिकअपभर’ असे शब्द आले की. फेस कॉर्डची रास समोरून 4 बाय 8 फूटच दिसते, पण खोली एकाच ओंडक्याची. ओंडका 16 इंची असेल तर तो कॉर्डचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला. म्हणूनच अमेरिकेतली मापांची राष्ट्रीय संस्था, निस्ट, आपल्या आदर्श नियमावलीत असे शब्द वापरू नयेत, कॉर्ड किंवा त्याचा अपूर्णांकच सांगावा, असं म्हणते.

ट्रकमधून अंगणात ओतलेला ढीग तर फारच फसवा असतो. रचल्यावर एक कॉर्ड भरेल एवढं लाकूड नुसतं ओतलं तर 180 घनफुटांच्या आसपास जागा व्यापतं. ढिगाकडे बघून भाव ठरवू नये. रचून घ्यावं, टेप लावावी, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून 128 ने भागावं.

हाच भागाकार लहान पॅकिंगवर करून बघा. सुपरमार्केटमधली मोळी बहुधा पाऊण घनफुटाची असते. ती 7 डॉलरना मिळाली असं समजा, तर कॉर्डचा भाव जवळपास 1,195 डॉलर झाला. लाकडाच्या चिप्सची पिशवी 192 घन इंचांची, म्हणजे नऊ पिशव्यांचं एक घनफूट. पिशवी 5 डॉलरची धरली तर कॉर्डमागे 5,760 डॉलर! गॅसच्या ग्रिलवर स्वादापुरत्या मूठभर चिप्स टाकणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. पण लाकूड हेच ज्याचं इंधन आहे, त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

पाण्याचा हिशेब मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. ताज्या तोडलेल्या ओकमध्ये, निव्वळ कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 60 ते 80 टक्के पाणी असतं. जाळण्याजोगं लाकूड म्हणजे हेच प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास. आता आपल्याकडची वखार आठवा. तिथे सरपण काट्यावर, वजनावर मिळतं. ओल्या लाकडाच्या 100 किलोंत 40 किलो पाणी असेल, तर हाती 60 किलो लाकूड लागलं (वरच्या मापानं हे 67 टक्के पाणी झालं). नीट वाळलेल्या 100 किलोंत ते 83 किलो असतं. म्हणजे वाळलेल्याच्या भावाच्या 72 टक्क्यांपेक्षा जास्त दर ओल्याला देणं हा सरळ तोटा आहे, आणि वाळवण्याचा खोळंबा वेगळाच. वखारीतून घ्यायचं ते उन्हाळ्यात, पावसाच्या आधी.

घनफळावर घेताना हे गणित उलटतं. 20 टक्क्यांपर्यंत वाळताना ओक आकारानं साधारण पाच-सहा टक्केच आटतो. त्यामुळे ओलं लाकूड कॉर्डच्या मापानं स्वस्तात मिळत असेल आणि आपल्याकडे जागा व वर्षभराची सवड असेल, तर तो सौदा चांगलाच म्हणायचा. पाणी हवेत निघून जातं, माप जवळपास तेवढंच राहतं.

विकणारा ‘वाळलेलं आहे’ म्हणेल तेव्हा ओंडक्याच्या टोकांवरच्या भेगांवर भिस्त ठेवू नका. लाकडातलं पाणी आडव्यापेक्षा उभ्या रेषांच्या दिशेनं कितीतरी पटींनी वेगानं सरकतं, म्हणून ओंडक्याची दोन टोकं आधी सुकतात. ओलावा 30 टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंती आकसायला लागतात आणि टोकांवर चांदणीसारख्या भेगा पडतात. मधला गाभा तेव्हाही ओलाच असू शकतो. एक ओंडका तिथल्या तिथे फोडून घ्यावा आणि ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया ताज्या चिरेवर, मधोमध खुपसाव्यात. मीटर नसेल तर ती चीर गालाला लावून बघा. ओली असेल तर गार लागते. सुकी लाकडं एकमेकांवर आपटली की टणत्कार येतो, ओल्यांचा आवाज बद्द.

ओलं लाकूड जाळलं तर काय बिघडतं? पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते हे खरं, पण तेवढ्यानं फार नुकसान नाही. एक किलो पाणी तापवून उडवायला सुमारे 2.6 मेगाज्यूल लागतात आणि एक किलो कोरडं लाकूड 18-19 मेगाज्यूल देतं. 100 किलोंत 40 किलो पाणी असलेल्या वरच्या लाकडात ही घट दहा टक्क्यांच्या आसपास भरते. खरा घात पुढे होतो. आग थंड राहते, लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत आणि त्यांचे मोठे थेंब होऊन दाट पांढरा धूर उठतो. मांसावर बसणारा कडवटपणा त्याचा. आग तापलेली आणि हवेशीर असेल तर धूर पातळ, निळसर दिसतो, कारण त्यातले कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक असतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुराचा हवाहवासा वास येतो तो मुख्यतः लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, तुटून तयार होणाऱ्या ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल या संयुगांमुळे. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लिग्निनमधून सिरिंगॉल जवळपास मिळतच नाही, वर राळेची काजळी. पाइन अर्ध्या किमतीत मिळालं तरी या कामाला ते महागच.

झाडाच्या नावासाठी जादा पैसे मोजावेत का? माझं मत स्पष्ट आहे: आधी वाळलेपणासाठी मोजा, नावासाठी नंतर. पिकन आणि हिकरी ही एकाच कुळातली, कॅर्या वंशातली झाडं. त्यांतलं जे जवळपास मिळेल ते घ्यावं. टेक्ससमधलं झणझणीत धुराचं मेस्किट तर आपल्या माळरानावरच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड आहे.

फुकटच्या लाकडाबाबत एकच सांगतो. रंगवलेलं किंवा वाळवी-प्रतिबंधक रसायन मुरवलेलं भंगार लाकूड अन्नाखाली कधीही जाळू नये. काही जुन्या प्रक्रियांमध्ये आर्सेनिक वापरलेलं आहे.

आणि लाकूड शक्य तितक्या जवळचं घ्यावं, निव्वळ वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी नव्हे. टेक्ससमध्ये ‘ओक विल्ट’ या बुरशीजन्य रोगानं ओकची झाडं मोठ्या संख्येनं मरतात. रोगानं मेलेल्या रेड ओकच्या सालीखाली बुरशीचे थर धरतात, त्यांवर भुंगेरे येतात आणि तेच बुरशी दुसऱ्या झाडांच्या ताज्या जखमांवर नेऊन सोडतात. पोस्ट ओक या रोगाला सहसा दाद देत नाही, पण ‘ओक’ म्हणून आलेल्या राशीत रेड ओक मिसळलेला असू शकतो. जाळण्यात धोका नाही, बुरशी आगीत मरते आणि धुरातून पसरत नाही. धोका आहे तो महिनोन्‌महिने रचून ठेवण्यात. कुठून आलं ते ठाऊक नसलेलं ओलं ओक घेतलंच, तर टेक्सस ए अँड एम फॉरेस्ट सर्व्हिस सांगते तसं रास पारदर्शक प्लॅस्टिकनं झाकून कडा मातीत पुराव्यात. काळं प्लॅस्टिक नको. त्याला कुठे भोक पडलं तर आतले भुंगेरे त्या उजेडाच्या रोखानं नेमके बाहेर पडतात.