कमांड लाइनवरचं ‘खातं’ : एका शब्दाची हकिकत

बँकेतलं खातं म्हणजे काय, हे पुणेकराला शिकवावं लागत नाही. रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांच्या पासबुकात आकडा होता, पण पैसे हातात येत नव्हते. खातं म्हणजे दुसऱ्याच्या वहीत आपल्या नावापुढे लिहिलेला आकडा. टर्मिनलवर, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, क्रिप्टो हाताळायला बसणारा हीच कल्पना घेऊन बसतो आणि गोंधळतो. दोष त्याचा नाही. बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरनेच हा शब्द आधी उचलला आणि काही वर्षांनी काढून टाकला.

जानेवारी २००९ मध्ये सातोशी नाकामोटोने दिलेला पहिला प्रोग्राम विंडोजवर चालणारा, बटणांचा होता. लिनक्स सर्व्हरवर बटणं कोण दाबणार? म्हणून मागे गुपचूप चालणारा ‘बिटकॉइन-डी’ आला. पुढे मार्च २०१४ च्या ०.९ आवृत्तीत त्याला हुकूम सोडणारा ‘बिटकॉइन-सीएलआय’ वेगळा झाला.

तोवर वेबसाइटवाल्यांची अडचण उभी राहिली होती. वॉलेट, म्हणजे आपली नाणी सांभाळणारी फाइल, एक, गिऱ्हाइकं शेकडो, कुणाचे किती? त्यासाठी ‘अकाउंट’ आलं. ‘मूव्ह’ कमांड दिली की एका नावावरची रक्कम दुसऱ्या नावावर जायची. पण हे सगळं आपल्याच डिस्कवरच्या वॉलेट.डॅट फाइलीत, नेटवर्कला त्याचा पत्ताही नसे. जुना बॅकअप परत चढवला की मधल्या नोंदी गायब. शिल्लक उणे झालेलीही चालायची. शिवाय ‘सेंडफ्रॉम’ने पाठवलेली नाणी त्याच नावावर आलेली असतील असंही नव्हतं. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा प्रकार: नावं वेगवेगळी, गल्ला एकच. लोक मात्र तिला बँक समजत होते. २०१८ च्या ०.१७ आवृत्तीत अकाउंट मोडीत काढायचं ठरलं, २०१९ च्या ०.१८ मध्ये ते गेलं. उरलं ते ‘लेबल’, म्हणजे पत्त्यावर (ज्यावर पैसे येतात त्या क्रमांकावर) चिकटवलेली चिठ्ठी.

मग बिटकॉइनमध्ये असतं काय? खिशातल्या नोटा. पाचशेची नोट फाडून दोनशे देता येत नाहीत. अख्खी द्यायची आणि मोड परत घ्यायची. रोजच्या ‘सेंडटूअ‍ॅड्रेस’मध्ये मोडीचा हिशेब प्रोग्राम करतो. ‘क्रिएटरॉट्रान्झॅक्शन’ने व्यवहार हाताने बांधला तर ती ओळ आपणच लिहायची. विसरलात तर उरलेली सगळी रक्कम फी म्हणून मायनरच्या, म्हणजे व्यवहार नोंदवून घेणाऱ्याच्या, पदरात.

कोथरूडमध्ये आम्ही चार जण रविवारी ‘रेगटेस्ट’वर हे करून पाहायचो. रेगटेस्ट म्हणजे आपल्याच लॅपटॉपवरचं लुटुपुटीचं बिटकॉइन. १०१ ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीची पानं, तयार करायचे, मग ‘गेटबॅलन्स’ ५० दाखवतं. १०० वर थांबलात तर शून्य, कारण ब्लॉकसोबत नव्याने निघालेली नाणी आणखी शंभर ब्लॉक पिकल्याशिवाय खर्चता येत नाहीत. तिथे मी मोडीची ओळ विसरून एकोणपन्नास नाणी घालवली. ती खोटी होती, तरी पोटात गोळा आला.

बॅकअपचीही अशीच गोष्ट. जुनं वॉलेट एकमेकींशी संबंध नसलेल्या शंभर किल्ल्या, म्हणजे पैसे हलवायला लागणारे गुप्त आकडे, आधीच बनवून ठेवायचं. मोड दरवेळी नव्या किल्लीच्या पत्त्यावर यायची आणि शंभर संपल्या की पुढच्या नव्याने बनायच्या. त्यामुळे महिनोन्‌महिने जुना बॅकअप घेऊन निवांत बसलेल्याचे पैसे त्या फाइलीत नसलेल्या किल्लीवर जाऊन बसायचे. एका बीजातून सगळ्या किल्ल्या काढायची रीत २०१२ मध्येच सुचवली गेली होती. बिटकॉइन कोअरमध्ये, म्हणजे याच सॉफ्टवेअरमध्ये, ती २०१६ ला, ०.१३ मध्ये आली. उशीरच म्हणायचा.

इथेरियम हे दुसरं क्रिप्टो नेटवर्क ३० जुलै २०१५ ला सुरू झालं ते थेट टर्मिनलवरच. गेथ हा त्याचा प्रोग्राम. ‘गेथ अकाउंट न्यू’ लिहायचं, पासवर्ड दोनदा द्यायचा, की ‘कीस्टोअर’ फोल्डरमध्ये एक फाइल पडते. इथे मात्र खातं खरंच खातं आहे: पत्त्यापुढची शिल्लक नेटवर्कमध्येच नोंदलेली असते. पण बँक मॅनेजर नाही. फाइल हरवली किंवा पासवर्ड विसरलात, तर शिल्लक साऱ्या जगाला दिसत राहते आणि हलवता कुणालाच येत नाही. याउलट, ८५४५ पोर्ट, म्हणजे गेथला हुकूम द्यायचं दार, जगाला उघडा ठेवून खातं अनलॉक करणाऱ्यांचे पैसे टपून बसलेल्या बॉटनी त्या थोड्या वेळात उचलले. म्हणून पुढे सही करण्याचं काम ‘क्लेफ’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे देण्याची सोय झाली.

किल्ली ज्याच्याकडे, पैसा त्याचा, याचा पुण्याला आलेला अनुभव फार कडू आहे. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या, आणि २०२२ मध्ये त्याच तपासात तांत्रिक मदत करणाऱ्या दोघा तज्ज्ञांना अटक केली. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधलं चलन त्यांनी स्वतःकडे वळवलं.

माझी चूक त्यामानाने किरकोळ. वॉलेट साठ सेकंदांसाठी उघडायला ‘वॉलेटपासफ्रेझ’ कमांडमध्येच पासवर्ड टाइप केला होता. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला काहीतरी दाखवताना वरचा बाण दाबला आणि पासवर्डासकट ती ओळ स्क्रीनवर. वॉलेट साठ सेकंदांत बंद झालं होतं. शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या ओळी जपून ठेवणाऱ्या टर्मिनलच्या, इतिहासात पासवर्ड तसाच होता. आता मी ‘स्टडीइन’ पर्याय लावून तो वेगळ्या ओळीवर देतो.